कारखान्यातला दवाखाना : दोन तासांचे डॉक्टर की तिन्ही पाळ्यांना सिस्टर?

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मालकांपुढं दवाखान्याची दोन कोटेशनं आहेत. एकात रोज दोन तास येणारे एमडी डॉक्टर. दुसऱ्यात तिन्ही पाळ्यांना सिस्टर, ईसीजी मशिन आणि फोनवर हृदयरोगतज्ज्ञ. मी स्वतः कारखान्यांत डॉक्टर म्हणून जातो, म्हणून त्यांनी मला विचारलं.

हार्ट अटॅकसाठी दुसरं घ्या. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा १२ लीडचा, म्हणजे बारा बाजूंनी हृदय बघणारा ईसीजी १० मिनिटांत निघाला पाहिजे, असं उपचाराचे नियम सांगतात. डॉक्टर घरी गेल्यावर उरलेले २२ तास तो काढणार कोण? एका फाउंड्रीत रात्रपाळीचा भट्टीवरचा माणूस घामानं चिंब होऊन आला. कंपाउंडरनं त्याला एक अ‍ॅसिडिटीचं आणि एक डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं. ईसीजी मशिन कपाटात होतं, किल्ली डॉक्टरांकडं. सकाळी मी बघितलं तेव्हा अटॅक येऊन सहा तास झाले होते. तो वाचला, पण आता जिना चढताना दम लागतो. डायक्लोफेनॅक अटॅकमध्ये द्यायचंच नसतं. शिवाय कमरेत सुई टोचली की पुढं हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवायचं औषध देताना तिथं रक्तस्रावाची भीती.

पहिल्या कोटेशनचाही एक गुण आहे. रोज येणारा डॉक्टर माणसं ओळखतो, कुणाचं बीपी वाढलंय, कुणाची तंबाखू सुटत नाही, हे त्याला ठाऊक असतं.

नुसती सिस्टर असूनही भागत नाही. तिच्या हातात लेखी ऑर्डर हवी: अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर अ‍ॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या, रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असेल तरच ऑक्सिजन लावा. सॉर्बिट्रेट ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी बीपी न बघता जिभेखाली ठेवायची आपल्याकडं फार सवय आहे. बीपी आधीच उतरलेलं असेल तर त्या गोळीनं माणूस कोसळतो.

कुपवाडहून मिरज जवळ, त्यामुळं ईसीजीत अटॅक दिसला की थेट अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या. लांबच्या जतकडच्या कारखान्याचं गणित वेगळं. निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर वाटेतल्या, मॉनिटर आणि शॉक मशिन असलेल्या हॉस्पिटलात आधी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, मग पुढं. ते हॉस्पिटल आजच ठरवून ठेवा.

मालकांना म्हटलं, दुसरं घ्या आणि पहिल्या कोटेशनमधल्या डॉक्टरांना आठवड्यातून दोनदा बोलवा. पण सही करण्याआधी, दुसरं कोटेशन देणाऱ्यांचा दवाखाना जिथं चालू आहे तिथं रात्री दोनला न कळवता जा. सिस्टरला ईसीजी काढायला सांगा आणि घड्याळ लावा.