एक एचपी सबमर्सिबल, एचडीपीई पाइप आणि डिजिटल पॅनल: १६ महिन्यांच्या वापरानंतर

आधी संच सांगतो, नाहीतर पुढच्या आकड्यांना अर्थ राहणार नाही. शिरूर भागातल्या बंगल्याचा बोअर, साडेसहा इंची, २४० फूट खोल. वरचे ३० फूट मुरूम, तेवढ्यालाच केसिंग (माती ढासळू नये म्हणून घातलेला पाइप), खाली सगळा काळा पाषाण. दिवाळीच्या सुमारास पाणी ४० फुटांवर असतं, मेअखेर १६५ फुटांपर्यंत उतरतं. पंप २१० फुटांवर सोडलाय आणि खालचे ३० फूट गाळासाठी मोकळे ठेवलेत. पंप चार इंची, एक एचपी, सिंगल फेज, १५ स्टेजचा (एकावर एक पंधरा पंखे), मोटर पाण्याने भरलेली. पाइप ३२ मिमीचा काळा एचडीपीई (लवचिक प्लास्टिक), १० किलो दाबाचा, वरपासून खालपर्यंत एकच अखंड तुकडा. केबल २.५ चौरस मिमीची तीन कोर चपटी, ७५ मीटर. वर व्होल्ट-अँपिअर दाखवणारा, मोटर कोरडी चालली तर बंद करणारा पॅनल.

एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा काढून मत पक्कं झालंय. घरगुती बोअरचा संच निवडताना किती लिटर पाणी फेकतो हे दुसऱ्या क्रमांकावर ठेवावं. पहिला प्रश्न हा, की रात्री आठला पाणी थांबलं तर बिघाड वर आहे की खाली हे दहा मिनिटांत कळेल का, आणि खाली असेल तर सकाळी घोडी (तिपाई) आणि चेन-पुली न मागवता पंप वर येईल का.

वर येण्याचा हिशेब असा. सव्वा इंची मध्यम जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप मीटरला तीन किलोच्या वर भरतो, म्हणजे २१० फुटांना नुसता पाइपच दोनशे किलो. ३२ मिमी एचडीपीई तेवढ्याच लांबीला पंधरा किलोच्या आसपास. त्यात पंप-मोटर पंधरा, केबल बारा, आणि पाइपातलं पाणी ३७ लिटर. पण हे सगळं वजन हातावर येत नाही. पाइपातलं पाणी बोअरमधल्या पातळीच्या वर जेवढं आहे तेवढंच जड लागतं, आणि पातळीखालचा एचडीपीई उलट थोडा तरंगतो. त्यामुळे मे महिन्यात साधारण ६५ किलो ओढावे लागतात, दिवाळीत त्याच्या निम्मेच. तीन माणसं, एक दोर, अंगणात सरळ चालायला जागा, एवढं असलं की पाऊण तासात पंप जमिनीवर येतो. केसिंगच्या काठावर दुचाकीचा जुना टायर घातल्याशिवाय मात्र ओढायला लागू नये. काठावर घासून पाइपावर जो ओरखडा पडतो तोच पुढे फुटतो.

दोराबद्दल तडजोड नको. १२ मिमीचा नायलॉन दोर पंपाच्या तोंडाशी असलेल्या दोन्ही कानांतून ओवून घ्यायचा आणि वर लोखंडी क्लॅम्पला बांधायचा. केबल धरून पंप कधीही ओढू नये. केबल मोटरमधून उपटते आणि पंप तळाला जातो, मग तो काढायचा खर्च नव्या पंपाएवढा होतो. एचडीपीई भाराने ताणतो, केबल ताणत नाही. म्हणून दर दहा फुटांना टाय बांधताना मधल्या केबलला बोटभर ढील सोडावी. टायची शेपटं मुळाशी कापावीत, नाहीतर पातळी मोजायची दोरी तिथेच अडकते.

आता पॅनल. पैसे वसूल झालेली गोष्ट म्हणजे त्यावरचा अँपिअरचा आकडा. बसवल्याच्या दिवशी आणि नंतर दर महिन्याला व्होल्टेज, अँपिअर आणि हजार लिटरची टाकी भरायला लागलेला वेळ हे तीन आकडे पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवले तर बिघाड अर्धा तिथेच सापडतो. आमच्याकडे दिवाळीत ७.४ अँपिअर आणि २२ मिनिटं, मेमध्ये ६.४ अँपिअर आणि ३८ मिनिटं. पाणी खोल गेलं की पंप कमी पाणी उचलतो, म्हणून करंटही कमी होतो. हे उलटं वाटतं, पण सेंट्रिफ्युगल (पंखा फिरवून पाणी फेकणाऱ्या) पंपाची रीतच तशी.

याच कारणाने पॅनलची मोठी तक्रारही आहे. कोरडी चालण्याची मर्यादा तो स्वतःच शिकतो, म्हणजे बसवताना दिसलेल्या करंटच्या ८० टक्के. बसवला दिवाळीत, म्हणून मर्यादा ५.९ वर गेली. मेमध्ये बोअरमध्ये पाणी असूनही मोटर थोडी कमी ओढायला लागली की पॅनल तिला कोरडी समजून बंद करायचा. वॉल्व्ह हळूहळू आवळत जवळजवळ बंद केला तेव्हा करंट ४.३ वर आला, पाणी तुटल्यावरही साधारण तोच. मग मर्यादा हाताने ५.२ वर बसवली आणि खोटं बंद होणं थांबलं. पुन्हा सुरू होण्याची वेळ कारखान्यातून १५ मिनिटं लावून येते. उन्हाळ्यात ती ४५ केली, कारण पाषाणातल्या सांधीतून झिरपणाऱ्या पाण्याला पातळी सावरायला तेवढा अवधी लागतोच. ज्यांचा पॅनल ही मर्यादा हाताने बदलू देत नाही त्यांनी तो घेऊ नये.

व्होल्टेज हा आपल्याकडचा खरा मोटरमारक. २३० च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ ही ठीक पट्टी. संध्याकाळी डीपीवर (भागातल्या रोहित्रावर) भार वाढला की आमच्याकडे १८५ दिसतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. १८० ला तो साठ टक्क्यांवर येतो. मोटर उठत नाही, गुणगुणत राहते आणि कॉइल तापते. त्यात केबलची घट वेगळी. ७५ मीटर अंतराला १.५ चौरस मिमीच्या केबलमध्ये ७.५ अँपिअरला साडेतेरा व्होल्ट जातात, २.५ च्या केबलमध्ये आठ. म्हणून जाड केबल घेतली, आणि तो खर्च खटकला नाही. पॅनलवर खालची मर्यादा १९० ला, वरची २६० ला ठेवलीय.

१६ महिन्यांत पाणी तीनदा थांबलं. तिन्ही वेळा कारण वेगळं होतं.

पहिल्यांदा मोटर गुणगुणून पाच-सहा सेकंदांत ट्रिप होत होती, करंट वीसच्या पुढे. स्थानिक फिटरने न मोजताच ‘मोटर जाम आहे, काढावी लागेल’ असं सांगितलं. पॅनल उघडल्यावर स्टार्ट कपॅसिटरचं (मोटरला उठायला सुरुवातीचा जोर देणाऱ्या डबीचं) डोकं फुगलेलं दिसलं, बुडाशी तेलकट थेंब. दीड-दोनशे रुपयांची वस्तू बदलली आणि मोटर उठली. गुणगुणून ट्रिप होण्याची मुख्य कारणं तीन: व्होल्टेज कमी, कपॅसिटर गेलेला, पंप गाळाने अडकलेला. पहिली दोन वरच तपासता येतात, म्हणून तिसऱ्यावर शेवटी यावं. रन कपॅसिटर (मोटर चालू असताना जोडलेला राहणारा) फुगला नाही तरी आतून खचतो. ३६ एमएफडी (मायक्रोफॅरॅड, कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) लिहिलेला २८ दाखवत असेल तर तो गेला समजावा. मोजण्याआधी मेन बंद करायचा आणि कपॅसिटरची दोन टोकं शंभर वॉटच्या साध्या बल्बमधून रिकामी करायची. स्क्रूड्रायव्हर लावून ठिणगी पाडणं धोक्याचं आहे आणि कपॅसिटरही खराब होतो. दोन्ही कपॅसिटरचा एकेक जोड घरात ठेवावा, आणि आकडे पॅनलवर लिहिलेलेच घ्यावेत.

दुसऱ्यांदा मोटर व्यवस्थित चालू, करंट उलट वाढून ७.८, आणि टाकीत पाण्याची धार करंगळीएवढी. इथे बोअरच्या तोंडाला कान लावावा. पातळीच्या वर पाइप गळत असेल तर आत पाणी कोसळल्याचा आवाज येतो. आवाज ऐकला म्हणून लगेच पाइप फुटला असं म्हणू नये, कारण पातळी खाली गेली की वरच्या सांधीतला झराही असाच पडत राहतो. फरक मोटर बंद केल्यावर कळतो. झऱ्याचा आवाज चालूच राहतो, गळतीचा पाइप रिकामा झाला की काही मिनिटांत थांबतो. इथे आवाजच नव्हता, म्हणजे गळती पाण्याखाली होती. पंप वर काढला तर पंपाच्या तोंडाच्या निपलवर (पाइप ज्यावर चढतो त्या दातेरी तुकड्यावर) पाइप अर्धा इंच सरकलेला होता. बसवणाऱ्याने एकच क्लिप लावली होती, तीही साध्या लोखंडाची, गंजून पातळ झालेली. एचडीपीईचा हाच एक कच्चा सांधा. पाइपाचं टोक उकळत्या पाण्यात मिनिटभर धरायचं, दातेरी निपलवर शेवटपर्यंत ठोकायचं, गरम असतानाच स्टेनलेस स्टीलच्या दोन क्लिपा लावायच्या, दोन्हींचे स्क्रू समोरासमोरच्या बाजूला. पाइप थंड झाल्यावर दोन्ही पुन्हा आवळायच्या. ही दुसरी आवळणी बहुतेक जण विसरतात, आणि गळती तिथूनच सुरू होते.

एनआरव्हीची (पाणी उलटं खाली जाऊ न देणाऱ्या वॉल्व्हची) परीक्षाही वरूनच होते. मोटर तासभर बंद ठेवून सुरू करायची. दोन-तीन सेकंदांत पाणी आलं तर एनआरव्ही धरतोय. अर्धा-पाऊण मिनिट लागलं तर पाइप रिकामा झालेला आहे, म्हणजे एनआरव्हीत खडा अडकलाय किंवा पाइप कुठेतरी गळतोय.

तिसऱ्यांदा बटण दाबताच एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडला. हे मात्र खाली गेल्याशिवाय सुटत नाही, पण आधी मोजायचं. पॅनलमधून मोटरच्या तिन्ही तारा सोडवल्या, नाहीतर मेगरच्या (तारांचं इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरच्या) ५०० व्होल्टने पॅनलचा इलेक्ट्रॉनिक भाग जाईल. मग आधी साध्या मल्टिमीटरने कॉइल पाहिली. मोटरच्या तीन तारा म्हणजे कॉमन, रन आणि स्टार्ट. कॉमन-रन ३.९ ओहम, कॉमन-स्टार्ट ६.५, रन-स्टार्ट ९.३. पहिल्या दोहोंची बेरीज १०.४ होते आणि तिसरा आकडा १.१ ने कमी दिसतो. तो फरक केबलचाच, कारण जाता-येता १५० मीटर तांबं बेरजेत दोनदा मोजलं जातं. म्हणजे कॉइल शाबूत. नंतर मेगर: अर्थिंगशी आकडा जवळपास शून्य. दोन मेगाओहमच्या वर असेल तर निर्धास्त राहावं, अर्ध्याच्या खाली गेलं की पंप काढावा. काढल्यावर मोटरचा स्वतःचा आकडा पन्नासच्या पुढे निघाला, दोष केबलच्या जोडात होता. ‘मोटर जळली, भरून घ्या’ हा सल्ला जोड कापून दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्याशिवाय मान्य करू नये.

तो जोड हातात घेऊन पाहण्यासारखा होता. तिन्ही तारांचे जोड एकाच रेषेत, पीळ मारून वरून फक्त पीव्हीसी टेप. टेप उलगडली तर आत पाणी, आणि तांब्यावर हिरवा थर. बरोबर जोड असा: तिन्ही तारा दोन-दोन इंच मागेपुढे कापायच्या, म्हणजे जोड शेजारी येत नाहीत. तांब्याच्या फेरूलमध्ये (छोट्या नळीत) दाबून बसवायच्या. प्रत्येकीवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आकसणारी) नळी, त्यावर रबर टेप दुप्पट ताणून अर्धा पदर अर्ध्यावर येईल अशी, शेवटी सगळ्यांवर मिळून पीव्हीसी टेप. मग तो जोड तासभर पाण्याच्या बादलीत बुडवून बादलीतच मेगर लावायचा. तिथे पास झाला तरच बोअरमध्ये सोडायचा.

पाण्याने भरलेल्या मोटरबद्दल: सोडण्याआधी वरचा बूच उघडून स्वच्छ पाणी काठोकाठ भरायचं, मोटर हलवून हवेचे बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, दहा मिनिटांनी पुन्हा भरायचं. कोरडी सोडली तर बेअरिंग लवकर जातात. तेलाच्या मोटरचं सील गेलं की टाकीवर तेलाचा तवंग येतो. पिण्याच्या पाण्याला ती नको.

पंप बाहेर असेल तेवढा वेळ बोअरच्या तोंडावर लोखंडी झाकण बोल्टने आवळलेलंच हवं. उघड्या बोअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निर्देश दिलेत ते मुलं आत पडून जीव गेल्यामुळे. एका रात्रीसाठी पोतं टाकून भागवू नये. पातळी पाहायला दगड टाकणंही बंद करावं, तो पंप आणि पाषाणाच्या मध्ये अडकतो आणि पुढच्या वेळी पंप वर येत नाही. दर दहा फुटांना गाठ मारलेली बारीक दोरी आणि अर्धी वाळू भरलेली छोटी बाटली पुरते. बाटली पाण्याला टेकली की दोरी सैल पडते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते. घरच्या बोअरचीही तेवढ्या वेळा घेतली तर पंप किती खोल सोडायचा हे अंदाजावर राहत नाही.

पंप पुन्हा सोडल्यावर एक काम जवळपास कुणी करत नाही, ते म्हणजे पाणी शुद्ध करणं. दोर आणि पाइप अंगणात मातीवर पडलेले असतात, तीच माती पाण्यात जाते. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरला २१ लिटर पाणी मावतं. ४० मीटर पाणी असेल तर साडेआठशे लिटर. त्याला ३३ टक्क्यांची ताजी ब्लीचिंग पावडर १३० ते १५० ग्रॅम. बादलीत कालवून अर्धा तास ठेवायची, चुना तळाला बसू द्यायचा आणि वरचं निवळच बोअरमध्ये ओतायचं. मग टाकीकडचा वॉल्व्ह बंद करून नळी बोअरच्या तोंडात धरायची आणि पंधरा मिनिटं पाणी आतल्या आत फिरवायचं, म्हणजे पाइप आणि दोरही धुतले जातात. रात्रभर तसंच ठेवून सकाळी वास जाईपर्यंत पाणी बाहेर सोडायचं. झाडांना घालायचं नाही आणि सेप्टिक टँकमध्येही जाऊ द्यायचं नाही. त्यानंतर टाकी भरायची.