एमजीबी, आठ महिन्यांनंतर: सगळं फ्युएल पंपापाशी येऊन थांबतं

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ती आठ महिने वापरल्यावरचा हा अनुभव. 1970 ची रोडस्टर (उघड्या टपाची), 1798 सीसी, एसयू कंपनीचे दोन एचएस4 कार्बुरेटर, वापर इंग्लंडमध्येच. इंजिनाबद्दल तक्रार नाही. 20डब्ल्यू-50 तेल, कार्बुरेटरच्या डॅशपॉटमध्येही (पिस्टनची हालचाल मंदावणारी तेलाची नळी) तेच, पिस्टनच्या पोकळ दांड्यावर अर्धा इंच. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) दर 3,000 मैलांनी ग्रीस. पेट्रोल ई5च (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) भरा. साध्या पेट्रोलमध्ये 2021 पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुने रबरी पाइप त्याने चिरतात. नवे घ्यायचे तर आर9 या इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाचेच.

आता मुद्दा. हिवाळ्यात गाडी सहा आठवडे उभी राहिली आणि एसयूचा इलेक्ट्रिक पंप मुका झाला.

चावी फिरवली की मागच्या उजव्या चाकाजवळून भरभर टिकटिक यायला हवी. फ्लोट चेंबर (कार्बुरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाक्या) भरले की ती थांबते. चावी चालू पण इंजिन बंद असताना अधूनमधून एखादी टिक येत राहिली, तर फ्लोटची नीडल (चेंबर भरल्यावर पेट्रोल रोखणारी सुई) किंवा पंपाचा व्हॉल्व्ह गळतोय. टिकटिक थांबतच नसेल, तर टाकी रिकामी आहे किंवा सक्शनच्या पाइपातून हवा शिरतेय. काहीच आवाज नसेल, तर आधी पॉइंट्स, म्हणजे पंपाचा करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क, पाहा. स्वतःचं दुखणं इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा भाग या गाडीत नाही, म्हणून मला तो फार आवडतो.

पॉइंट्सवर उभ्या गाडीत थर बसतो. पंपाला हलकी टिचकी मारली की थर तुटतो आणि पंप चालू होतो, पण तो इलाज नव्हे. बॅटरीची जोडणी काढा, पंपाच्या टोकाचं झाकण काढा, पॉइंट्समधून कोऱ्या कागदाची पट्टी ओढा. खड्डे पडले असतील तर 600 नंबरचा वॉटर पेपर. रॉकर (पॉइंट्स उघडझाप करणारा हलता भाग) बदलायचा असेल तर सहा स्क्रू काढून डायाफ्राम (पेट्रोल ओढणारा लवचीक पडदा) सोडवावा लागतो. तेव्हा कडेचे छोटे रोलर घरंगळतात, खाली ताट ठेवा. परत बसवताना डायाफ्राम आत फिरवत न्या, रॉकर उडी मारायचा थांबला की जवळच्या भोकापर्यंत उलटा, आणि मग आणखी चार भोकं, म्हणजे दोन तृतीयांश फेरा.

इथवर माझं मत होतं: पॉइंट्स साफ, प्रश्न संपला. ते चुकलं. तीन आठवड्यांत पॉइंट्स पुन्हा काळे झाले. एका गॅरेजने न तपासताच नवा इलेक्ट्रॉनिक पंप सुचवला, शंभर पौंडांच्या वर. ते पैसे वाचले, कारण दोष पंपात नव्हताच.

पंपापाशी मल्टिमीटर लावला तर पूर्ण 12.4 व्होल्ट दिसले. हा आकडा फसवा आहे. पॉइंट्स उघडे असतील तर करंटच वाहत नाही, मग व्होल्टेज पडणार कसं? ब्रेक लाइटचा 21 वॉटचा बल्ब घ्या, पंपाऐवजी पांढरी वायर आणि काळी अर्थ यांच्यामध्ये जोडा, आणि जळत्या बल्बवर मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टपर्यंत कमी चालेल. इथे 10.1 निघाले. बुलेट कनेक्टर (वायरी जोडणाऱ्या गोल टोप्या) हिरवे पडले होते, अर्थच्या बोल्टखाली गंज होता. कमी व्होल्टेजवर कॉइलची ओढ कमी पडते, रॉकर रेंगाळतो, ठिणगी लांबते आणि पॉइंट्स जळतात.

कनेक्टर बदलले, बोल्टखालचा पत्रा चमकेपर्यंत घासून व्हॅसलीन लावलं. पॉइंट्सचा संच आणि ठिणगी दाबणारा डायोड धरून खर्च नव्या पंपाच्या निम्म्याहून कमी. डायोडला दिशा असते: 1967 नंतरच्या गाड्या निगेटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला), आधीच्या पॉझिटिव्ह, उलटा जोडला तर जळतो. आणि या पांढऱ्या वायरवर कारखान्याने फ्यूज दिलेला नाही. पेट्रोलच्या पंपाला फ्यूज नसणं मला अजिबात मान्य नाही, म्हणून वाटेत एक बसवला.

पंप तपासायचा तर कार्बुरेटरकडचा पाइप बाटलीत सोडा, मिनिटाला निदान लिटरभर पेट्रोल यायला हवं. हे उघड्यावरच करा, आणि बॅटरी सीटमागे झाकणाखाली असते, ती जोडण्याआधी पेट्रोलचा वास पूर्ण जाऊ द्या.