सांतोसची 'पेले टूर': गाडी चांगली, गाईड थापाड्या

आमचं जहाज साखर भरायला ब्राझीलच्या सांतोस बंदरात लागलं होतं. पाऊस आला की हॅच, म्हणजे मालाच्या खणांची झाकणं, बंद, लोडिंग थांबतं. त्याच्या कृपेनं आम्हा चौघांना सहा तासांची शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर उतरायची सुट्टी, मिळाली आणि गेटबाहेरच्या एका टूरवाल्याची गाडी केली. एसीचा नुसता आवाज, पण सीट ऐसपैस. गाईड मात्र बोलायला एक नंबर. आमच्या वेंगुर्ल्यात असता तर दशावतारात राजाचं काम पक्कं होतं.

पहिला थांबा वालोंगो भागातलं पेले संग्रहालय. तिथे बूटपॉलिशची लाकडी पेटी आहे. वडील दोंदिन्यो फुटबॉलपटू, पण गुडघा गेलेला. घरात चणचण, म्हणून पोरगा बौरूत पॉलिश करायचा. ही गोष्ट खरी. मी त्या पेटीसमोरून हलेनाच.

तेवढ्यात गाईडनं पहिली लोणकढी सोडली: "पेले म्हणजे हिब्रूत चमत्कार, म्हणून हे नाव." शब्दाचा अर्थ बरोबर, बाकी थाप. वडिलांच्या संघाच्या गोलकीपरला बिले म्हणत. छोट्या एडसनला (हे पेलेचं खरं नाव) तो उच्चार जमेना, म्हणून पोरं 'पेले' म्हणून चिडवायची. त्यावरून त्यानं एकाला ठोसाही लगावला होता, असं पेलेनंच सांगून ठेवलंय.

दुसरी थाप: १९५८ च्या विश्वचषकाला प्रशिक्षकानं राजा ओळखून १० नंबर दिला. अहो, ब्राझीलनं नंबरांची यादीच पाठवली नव्हती, परस्पर वाटप झालं. गोलकीपर जिलमारच्या पाठीवर ३ होता, ३!

गोलांचा आकडा त्यानं बरोबर सांगितला, १,३६३ सामन्यांत १,२७९. पण त्यात मैत्रीपूर्ण सामने आहेत, परदेश दौरे आहेत, लष्करी संघाकडून मारलेलेही आहेत, हे गिळून टाकलं. ब्राझीलकडून ९२ सामन्यांत ७७, एवढं सांगितलं असतं तरी आम्ही टोप्या काढल्या असत्या.

नायजेरियातलं यादवी युद्ध पेलेसाठी थांबलं, हे तर त्यानं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. पेलेचा क्लब सांतोस १९६९ मध्ये लागोस आणि बेनिन सिटीत खेळला, हे खरं. युद्धबंदीचा ठोस पुरावा त्या वेळच्या वर्तमानपत्रांत मिळत नाही.

सांतोस क्लबचं विला बेल्मिरो स्टेडियम बाहेरूनच दाखवलं, त्याचे मार्क कापले. शेवटी बहुमजली दफनभूमी. पेलेच्या दालनात पायाखाली खोटं गवत, दाराशी सोनेरी पुतळे. थोडं भडक वाटलं. पण तिथे गाईड पहिल्यांदाच गप्प झाला, आणि तो गप्प बसलेला मला जास्त आवडला.

एकूण पाचपैकी साडेतीन. बंदरावर वेळेत परत आणून सोडतात, खलाशाला आणखी काय हवं? आधी थोडं वाचून जा, म्हणजे थापांचीही मजा येते.

परतीच्या वाटेवर मी त्याला विचारलं, पेले कोलकात्यात खेळलाय, माहितीये? नव्हतं माहीत. २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन्स, पेलेचा न्यूयॉर्कचा क्लब कॉसमॉस विरुद्ध मोहन बागान, २-२. पेलेला गोल करता आला नव्हता. त्यानं सिग्नलवर मोबाइल काढून सगळं टिपून घेतलं. उद्याच्या गिऱ्हाइकाला सांगेल तोवर पेलेनं तिथे पाच गोल मारलेले असतील.