किसान सन्मानचा हप्ता: सासूबाईंच्या पासबुकावरून सांगते

आमच्याकडे पीएम किसानचा हप्ता सासूबाईंच्या नावावर येतो. सातबारा त्यांचा, दोन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मोबाईल माझ्याकडे, म्हणून २०१९ पासून सगळं मीच बघते.

पैसा चोख येतो, हे पहिलं सांगते. चार महिन्यांनी २००० असे वर्षाचे ६०००, आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरीचे तेवढेच वेगळे. आजवर कुणी मधे रुपया कापला नाही, कुणाला चहापाणी द्यावं लागलं नाही. सासूबाईंनी जन्मभर शेतात राबून स्वतःच्या नावाचा पैसा पहिल्यांदा या पासबुकात बघितला. पासबुक त्या साडीच्या घडीत ठेवतात.

२००० रुपयांत होतं काय? डीएपीची एक गोणी १३५० ची, युरियाच्या दोन मिळून ५३३ च्या. खताचा पहिला डोस निघतो, पण हप्ता वेळेवर आला तर. २०२४ ला १८ जूनला आला, अगदी पेरणीच्या तोंडावर. २०२५ ला २ ऑगस्ट उजाडला. तोवर खत उधारीवर आणून झालेलं असतं. आणि ६००० चा आकडा पहिल्या वर्षापासून तोच आहे, शेतातली मजुरी मात्र कुठल्या कुठे गेली.

खरा त्रास झाला तो ई-केवायसीला, म्हणजे आधारवरून ओळख पटवून द्यायला. एका सेवा केंद्रात सासूबाईंना घेऊन गेले. मशीनवर अंगठा ठेवला, जुळेना. पदराला पुसला, केंद्रातल्या मुलाने ओल्या फडक्याने पुसून दिला, मग दहाही बोटं झाली. खुरपं धरून धरून रेषाच राहिल्या नाहीत हो. ओटीपी जायचा तो नंबर कधीच बंद पडलेला. तीन हेलपाटे, तीन दिवसांची मजुरी बुडाली, आणि दर वेळी त्या बिचाऱ्या माझ्याकडे अशा बघायच्या जणू त्यांचंच काही चुकलं. शेवटी पीएम किसानच्या मोबाईल ॲपमधून चेहरा दाखवून केवायसी होते हे कळलं. ओसरीत उजेडात उभं केलं, डोळे मिचकावायला सांगितले, पाच मिनिटांत काम झालं. पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर? म्हाताऱ्या माणसांसाठी ही सोय फार चांगली आहे, गावोगाव सांगायला हवी.

त्यानंतरही पासबुक कोरंच. योजनेच्या वेबसाइटवरच्या स्टेटसमध्ये पैसे जमा दिसत होते. शोधता शोधता कळलं की एका शिबिरात त्यांचं दुसऱ्या बँकेत खातं उघडून आधार तिकडे जोडलं होतं. हप्ता आधार शेवटी जिथे जोडलं तिथे जातो. अडकलेले दोन हप्ते त्या खात्यात सुखरूप होते.

एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. आमच्या शेजारचं कुटुंब दुसऱ्याची जमीन बटाईने करतं. बियाणं त्यांचं, घाम त्यांचा, पाऊस गेला तर नुकसानही त्यांचं. हप्ता मात्र सातबारावर नाव असलेल्याला. त्या घरच्या बाईने मला फॉर्म भरून द्यायला सांगितलं, तेव्हा मला नाही म्हणावं लागलं. योजनेतली ही उणीव भरून निघायलाच हवी.

ज्यांच्या घरी हप्ता थांबलाय त्यांनी आधी स्टेटस उघडून तीन ठिकाणी ‘येस’ आहे का बघा: जमिनीची नोंद, ई-केवायसी, आणि आधार-बँक जोडणी. पीएम किसान अडकला की नमोचाही अडकतो. हेल्पलाइन १५५२६१. आणि घरातल्या वयस्कर माणसाला अंगठ्यासाठी उन्हातान्हात नेण्याआधी चेहऱ्याचं ॲप एकदा करून बघा.