25 किलोची बायोचार गोणी: माल चांगला, हिशेब कच्चा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील एका कृषी सेवा केंद्रातून 900 रुपयांना आणलेली बायोचारची, म्हणजे काडीकचरा कमी हवेत भाजून केलेल्या आणि मातीत मिसळायच्या कोळशाची, 25 किलोची गोणी मी मुरघासासाठी (आंबवून साठवायच्या चाऱ्यासाठी) लावलेल्या मक्याला वापरली. पाणी शेजारच्या गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पातून येणारे होते. माल उत्तम आहे. कोळसा हलका, चिमटीत सहज चुरडणारा असून त्याला धुराचा किंवा डांबराचा वास येत नाही, म्हणजे कमी हवेतील भाजणी नीट झाली आहे.

तक्रार गोणीवरच्या ‘एकरी एक गोणी’ या शिफारशीबद्दल आहे. प्रयोगांत सर्रास वापरली जाणारी हेक्टरी 10 टनांची मात्रा धरली, तर चौरस मीटरला एक किलो बायोचार लागतो. म्हणजे ही गोणी जेमतेम पाव गुंठ्याला पुरते आणि एकराला 160 गोण्या, अर्थात 1,44,000 रुपये लागतात. मक्याच्या पिकातून एवढा खर्च निघणे अशक्यच. म्हणून मी ती पाव गुंठ्याच्याच वाफ्यात वापरली.

निम्म्या वाफ्यात बायोचार शेणाच्या स्लरीत मुरवून घातला आणि निम्म्यात कोराच. कोऱ्या भागातील रोपे सुरुवातीला फिकट राहिली, कारण कोरा बायोचार जमिनीतील अमोनियम, म्हणजे पिकाला लागणारे नत्र, स्वतःकडे ओढून धरतो. मुरवलेल्या भागात मात्र दोन पाण्यांच्या मधल्या काळात पाने उशिरा सुकत होती. मुरवण्याबद्दल गोणीवर एक ओळही नाही, हे मला अक्षम्य वाटते.

पाण्याने खताचा काही भार नक्कीच उचलला. प्रक्रिया केलेल्या पाण्यात लिटरला 20 मिलिग्रॅम नत्र असेल, तर एकरभर 50 मिलिमीटर उंचीचे पाणी देणाऱ्या एका पाळीतून सुमारे चार किलो नत्र, म्हणजे जवळपास नऊ किलो युरियाइतके, पिकाला मिळते. तेवढा युरिया कमी करायला हवा. परंतु नेहमीच्या प्रक्रियेत विरघळलेले क्षार निघत नाहीत आणि बायोचार सोडियम नाहीसा करत नाही. शिरोळ तालुक्यातील क्षारपड शिवारे पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. पाण्याची विद्युत वाहकता (तिच्यावरून क्षार किती ते कळते) आणि सोडियमचे प्रमाण तपासल्याशिवाय ते भारी जमिनीला देऊ नये, आणि द्यायचे झाल्यास तुषार संचाने न देता सरीतून द्यावे.

‘सामू (मातीचा पीएच) सुधारतो’ हा बायोचारबद्दलचा दावाही अर्धाच खरा आहे. बायोचार बहुधा अल्कधर्मी असतो. त्यामुळे राधानगरी, शाहूवाडीकडच्या आम्लधर्मी तांबड्या मातीला तो मानवेल, पण पंचगंगाकाठच्या मुळातच अल्कधर्मी असलेल्या काळ्या रानाला त्या गुणाचा उपयोग नाही. परसबाग, रोपवाटिका किंवा कुंड्यांसाठी ही गोणी जरूर घ्यावी. एकरभर मक्यासाठी घेण्यापेक्षा आपल्याच शेतातील धाटे आणि कणसांचे बुरकुंडे भट्टीत भाजून बायोचार करणे परवडेल.