'फँड्री' की 'कोर्ट'? फिल्म सर्कलला आधी कोणता लावावा

उदगीर, परभणी, अंबाजोगाईकडच्या कॉलेजात फिल्म सर्कल, म्हणजे सिनेमा बघून त्यावर बोलणारा गट, निघालं की पहिल्या सिनेमाची चर्चा बहुतेक या दोन नावांवर येते. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (2013) आणि चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (2014). दोघांचेही हे पहिलेच मोठे चित्रपट, आणि दोन्हींच्या मुळाशी जातिव्यवस्था आहे. बघणाऱ्याला कुठं बसवायचं, इथं मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

'फँड्री'त आपण जब्याच्या, म्हणजे गावात डुकरं धरावी लागणाऱ्या घरातल्या शाळकरी पोराच्या, अंगाला अंग लावून पळतो. डुकरं धरण्याच्या प्रसंगात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, बापालाही थांबावं लागतं, आणि डुक्कर निवांत निसटतं. हॉलमध्ये हसू फुटतं. पुढं बघ्यांचं तेच हसू जब्याच्या कुटुंबावर येतं, तेव्हा मघाशी आपणही हसलो होतो हे टोचतं. जत्रेतली दिव्याची जागाही पोरांना नीट दाखवा. एरवी उजेडानं माणूस देखणा दिसतो, इथं बत्ती जब्याच्याच डोक्यावर दिलीय. त्याला आवडणाऱ्या शालूसमोर त्याला लपायचंय, आणि सगळ्यांत उजळ तोच. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड तर थेट कॅमेऱ्यावर येतो.

'कोर्ट'मध्ये खटला चालतो तो एका लोकशाहिरावर, त्याच्या गाण्यामुळं एका सफाई कामगारानं आत्महत्या केली असा आरोप ठेवून. इथं कोणी आपल्या अंगावर येत नाही. कॅमेरा मागच्या बाकावर बसल्यासारखा लांब आणि स्थिर, पार्श्वसंगीताचा आधार नाही. सरकारी वकील कायद्याची कलमं एकसुरात वाचत राहते, आणि तो कंटाळा दिग्दर्शकानं मुद्दाम ठेवलाय. मेलेल्या सफाई कामगाराची बायको साक्ष देते, तिथं दुसऱ्या दिग्दर्शकानं चेहऱ्याजवळ जाऊन व्हायोलिन वाजवलं असतं. इथं ती साध्या आवाजात सांगते, की गटारात झुरळं दिसतात का हे बघून नवरा आत हवा आहे की नाही ते ठरवायचा. कॅमेरा हलत नाही, म्हणून लपायला जागा उरत नाही. वकीलबाईंचा घरचा स्वयंपाक, सहकुटुंब नाटकाला जाणं हेही त्याच थंड नजरेनं दिसतं. त्यामुळं त्यांना खलनायक ठरवून मोकळं होता येत नाही.

'आपल्याकडची लेकरं कोर्टाला कंटाळतील' असं बऱ्याच सरांचं म्हणणं असतं. मला ते पटत नाही. तहसीलच्या आवारात फेरफारासाठी बापासोबत दिवस काढलेल्या पोराला ती वाट बघणं शिकवावं लागत नाही. अडचण वेगळीच आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती असं सगळं त्यात येतं, म्हणून सबटायटल वाचता येतील एवढा पडदा हवा, आणि पंख्याची घरघर कमी हवी. मैदानावर, दोन-तीनशे पोरांत लावायचा असेल तर डोळे झाकून 'फँड्री'. 'सैराट'मुळं मंजुळेंचं नाव पोरांना माहीत असतंच, गर्दी आपोआप होते. पण तीस-चाळीस जण बसून नंतर तासभर बोलणार असतील, तर मी आधी 'कोर्ट' लावीन. 'फँड्री'नंतर पोरं जब्याबद्दल बोलतात. 'कोर्ट'नंतर 'हा शॉट इतका वेळ का ठेवला' असं विचारतात, आणि सर्कल त्यासाठीच तर काढायचं.

'कोर्ट' लावलात तर प्रोजेक्टरवाल्याला एक आधीच सांगून ठेवा. शेवटाकडं कोर्टातले दिवे बंद होतात आणि पडदा काळा पडतो. संपला समजून ट्यूबलाइट लावू नका, न्यायाधीशांची सुट्टी अजून बाकी आहे.