नॉर्वे : स्वस्तातली क्रूझ की किनाऱ्याची बोट?

नॉर्वे बघायला मोठ्या क्रूझने जायचं की किनाऱ्याच्या बोटीने, यावर मावसबहीण आणि तिचे यजमान महिनाभर अडलेत. म्हटलं, जाहिरातीतले फोटो बाजूला ठेव, हिशेब मांडू.

आधी पैसे. जर्मनीतल्या कील किंवा ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनहून निघणाऱ्या मोठ्या जहाजावर आतली, बिनखिडकीची केबिन सगळ्यात स्वस्त. जेवण त्यातच, आणि नॉर्वेत बाहेर जेवायचं म्हणजे खिसा फाटतो, म्हणून ही बाब लहान नाही. टिप, इंटरनेट, सहली मात्र वेगळ्या. साउदॅम्प्टन निवडलं तर ब्रिटनचा आणि शेंगेनचा (नॉर्वेसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) असे दोन व्हिसा.

किनाऱ्याची टपालबोट १८९३ साली सुरू झाली. आज ती पश्चिमेच्या बर्गनपासून पार उत्तरेच्या किर्केनेसपर्यंत ३४ बंदरं घेते. पूर्ण फेरी, साधारण १२ दिवसांची, महागच. पण एसटीसारखं दोन बंदरांपुरतं तिकीट मिळतं. ही सोय फार कुणाला माहीत नसते.

दिसतं काय? मोठं जहाज गैरांगरसारख्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या, पोटात शिरतं, मग हजारो माणसं एकदम छोट्या गावात उतरतात. बोट लोफोटेन बेटांवरच्या स्वोल्वेरला थांबते. तिथे वसंतात लाकडी मांडवांवर कॉड मासा वाळत असतो, वासासकट आपल्या बोंबलांची आठवण देणारा. काही थांबे मात्र मध्यरात्री, जेमतेम पंधरा मिनिटांचे.

सोबत मुलं किंवा आई-बाबा असतील, रोज बॅगा उचलायच्या नसतील, तर क्रूझ. दोघंच असाल आणि नाच-गाण्याविना चालत असेल, तर बोटीचे दोन-तीन टप्पे. बहिणीला मी बोटच सांगितली. यजमानांना अजून बुफे खुणावतोय.